भागूकाकीचं नाव

"सांग तिला, आज तरी वेळेवर नीघ म्हणावं. का परत झोप लागायचीय?"

भरततात्यांनी कपबशी खाली ठेवत हे बायकोला ऐकवलं. लेक दोन हातांच्या अंतरावर वेणी घालत बसली होती, पण तिच्याशी सरळ बोलणं त्यांनी वर्षभर टाकलं होतं. समृद्धीनं ऐकलं आणि रिबीन घट्ट ओढली.

बाप वाईट नव्हता हो. मागल्या साली नर्सिंगच्या यादीत लेकीचं नाव लागलं, तेव्हा याच माणसानं मंचरच्या बाजारात येईल त्याला पेढा चारला होता. आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी पोरगी नर्सिंगच्या शाळेत पोचलीच नाही! संध्याकाळी घरी आली, म्हणाली, "झोप लागली, गाडी चुकली." बस, एवढंच. वस्तीवर जिभेला हाड नसलेली माणसं काय कमी आहेत? पोरगी दिवसभर कुठं होती, कुणाबरोबर होती... तात्यांनी सगळं ऐकलं, गिळलं आणि अबोला धरला.

खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. त्या सकाळी तात्या बटाटा घेऊन वाशीला गेलेले, बाकीची माणसं शिवारात. समृद्धी पिशवी खांद्याला लावून निघाली, तर गोठ्यात तिची चुलती, भागूकाकी, रक्तानं भिजून भिंतीला टेकलेली. सहा वर्षं काकीची गर्भपिशवी खाली उतरली होती, आणि ही माउली कुणाला न सांगता चिंध्यांचा आधार देऊन बटाट्याची पोती उचलत राहिली होती. पोरीनं रिक्षा बोलावून मंचरचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं, पिशवीला आधार म्हणून रिंग बसवली. काकीच्या अंगात बोलण्याइतकं बळ आलं तेव्हा ती पहिलं हेच बोलली, "तुला माजी आन हाय पोरी. घरात कुणाला कळता कामा न्हाई. दादांना कळलं तर मी तोंड कसं दाखवू?"

दादा म्हणजे तिचे मोठे दीर, हेच तात्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण काकी त्यांच्याशी कधी सरळ शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर पोरांकरवी, तेही पदराआडून.

यंदाच्या मुलाखतीसाठी समृद्धीनं संयम, सेवा, करुणा असले शब्द वहीत उतरवून पाठ केले होते. पण खरं ती शिकली काकीपाशी. बाजाराचं निमित्त काढून तिला तपासणीला न्यायचं, किळस आली तरी चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, काकी लाजेनं रडायला लागली की शाळेतल्या गमती सांगत बसायचं... आणि घरी येऊन बापाचे टोमणे खायचे. अठरा वर्षांच्या जिवात एवढं बळ कुठून येतं, देव जाणे!

नर्सिंगची शाळा एका छोट्या ट्रस्टची होती. मुलाखतीला पालक म्हणून तात्या आत बसले. 'मी बी येते' म्हणून हट्टानं सोबत आलेली काकी दाराबाहेरच्या बाकावर टेकली. दार उघडंच होतं.

प्राचार्याबाईंनी कागद चाळले. "गेल्या वर्षी नाव लागूनही तू आली नाहीस. ती जागा वाया गेली. का आली नाहीस?"

पाठ केलेले सगळे शब्द समृद्धीच्या डोक्यातून उडाले. "एक बाई लई आजारी होती, मॅडम. तिला दवाखान्यात नेलं."

"कोण बाई?"

"ते मला सांगता यायचं नाही."

"मग मी विश्वास कशावर ठेवू? कारण पटल्याशिवाय पुन्हा जागा देता येणार नाही."

तात्या उठून उभे राहिले. "अगं, वर्ष गेलं, आता हे बी चाललंय. नाव सांग ना."

वर्षानं बाप आपल्याशी बोलला, आणि तोही असा! समृद्धीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "जाऊ द्या जागा, तात्या. नाव न्हाई सांगणार मी."

तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. पदर घट्ट धरून भागूकाकी आत आली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दिरासमोर उभी राहून बोलली.

"दादा, ती बाई मीच. माजी पिशवी खाली आली व्हती, रगात थांबना. हिनं मला वाचवली. मीच आन घातली व्हती तिला. पोरीला बोल लावू नका आता."

तात्या परत खुर्चीत बसले. "पोती मीच उचलायला लावत व्हतो तुला..."

प्राचार्याबाईंनी समृद्धीकडं पाहिलं. "याच का त्या?"

"मी काहीच सांगितलेलं नाही, मॅडम," समृद्धी मान खाली घालून म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि प्रवेशाच्या अर्जावर सही केली.

बाहेर आल्यावर तात्या लेकीसमोर येऊन उभे राहिले. हात जोडायला गेले, तिनं ते धरून ठेवले.

"चुकलो गं पोरी. वर्षभर लई वाईट वागलो... एकटीनं कसं नेलंस तिला? सांग मला सगळं."

समृद्धीनं आधी काकीकडं पाहिलं. काकीनं डोळे पुसत मान डोलावली, तेव्हा कुठं ती सांगू लागली.