पिंजाऱ्याच्या घरची धामण

प्लेगची साथ ओसरली, माळावरच्या झोपड्या मोडल्या आणि कोल्हापूरची माणसं आपापल्या घरी परतली, तेव्हा दस्तगीर पिंजाऱ्यानं कापसाच्या खोलीत धामण पाळली. उंदीर दिसला की गल्लीचा जीव गोळा व्हायचा. पिंजाऱ्याकडं उंदीर टिकत नव्हता. दस्तगीरची बायको सुगरा धामणीला 'मामू' म्हणायची. "माझ्या लेकराचा मामू," म्हणत पोटावरनं हात फिरवायची. लग्नाला किती वर्षं झाली ते शेजारणी बोटांवर मोजत होत्या, आणि आत्ता कुठं तिला दिवस गेले होते. सातवा लागला होता.

शिमगा झाला आणि मामूनं खाणं टाकलं. उंदीर पुढ्यातनं गेला तरी तोंड फिरवायचा. सकाळी दारातल्या उन्हात पोट वर करून पडायचा. कोपऱ्यातला पिंजलेला कापूस अंगानं रेटून खोलगट जागा करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. त्याची ती घालमेल सुगराला बघवेना. त्याच दिवसांत तिच्या पायांची सूज उतरली होती. कंबर दुखायची थांबली होती. कूस बदलताना ओझंच वाटेना; सरकी काढलेल्या कापसासारखं सगळं हलकं, हलकं.

तिनं सुईण बनाबाईला बोलावलं. बनाबाईची नजर आधी दारातल्या धामणीवर गेली. शेपटाकडचं अंग फुगलेलं, खवल्यांमधली कातडी ताणून पांढुरकी झालेली.

"अगं बये, ह्यो कसला मामू? ही तर मावशी हाय! पोटुशी हाय की!"

"नर तर कुणी आणला न्हाय," दस्तगीर पुटपुटला.

"तुला इचारून करत्यात व्हय रं?" हसत बनाबाईनं धामण मांडीवर घेतली आणि पोटाखालनं अंगठा सरकवत नेला. "अंडी कशी, मण्यांच्या माळंगत लागत्यात..."

अंगठा थांबला.

"काय झालं, बनाक्का?" सुगरानं विचारलं.

"एकच हाय. थोरलं."

तेवढ्यात धामणीचं पोट आतनं उचललं गेलं. टाच मारल्यागत.

बनाबाईनं धामण खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि सुगराच्या पोटावर ठेवले. बराच वेळ ठेवले. भिंतीला टांगलेल्या पिंजणीची तार हात न लावता गुणगुणत होती.

"पोरी, बाळ कवापासनं हललं न्हाय?"

सुगरा धामणीकडं बघत होती. रडत नव्हती. बाळ गेलं नव्हतं. कुठं आहे ते तिला कळलं होतं.

त्या दिवसापासनं ती कापसाच्या खोलीतच बसू लागली. धामणीला ऊन द्यायची, पाणी द्यायची, तिच्या तोंडापाशी वाकून ओव्या म्हणायची. दस्तगीर त्या खोलीत पिंजायला जाईना. एका दुपारी सुगराचा डोळा लागला, आणि जागी होऊन बघते तर कापसातली जागा रिकामी. दस्तगीर मोकळी पाटी घेऊन दारात उभा.

"उचगावाकडं गेलतो. वारुळापाशी सोडली. असलं घरात व्यायला नगं."

"आवं, माझं बाळ हाय तिच्यात!"

"तुझं तुझ्या पोटात..." त्यानं बघितलं. लुगड्याच्या निऱ्या सपाट पोटावर पडल्या होत्या.

दोघं धावत निघाली.

वारूळ गप्प होतं. ऊन उतरलेलं. धामण कुठंच नव्हती.

दस्तगीर काठीनं झुडपं बडवत फिरला. "चल. न्हाय गावत."

सुगराची चोळी भिजत होती. दोन्हीकडनं.

"गप," ती म्हणाली. "भुकेजलंय."

वारुळाकडं तोंड करून ती मांडी घालून बसली, आणि तिनं चोळीची गाठ सोडली.