जळकोटच्या बोअरचं लोखंड

“मॅडम, एसटीत कुणीतरी माझं पानी बदललं,” माझ्या टेबलावर बाटली ठेवत तो म्हणाला, तेही इतक्या गंभीरपणे, की हसू लपवायला मला टेबलाखाली पेन शोधावं लागलं.

त्याचं नाव वैजनाथ. जळकोटात दूध डेअरी चालवतो. गल्लीतल्या नव्या बोअरचं पाणी त्यानं निवळशंख भरलं होतं आणि लातूरला उतरेपर्यंत ते तांबूस झालं होतं. पाणी तपासणं हे माझं काम. मी समजावलं, की यात चोर कुणी नाही, लोह आहे. जमिनीखाली ते पाण्यात विरघळून गप्प असतं, हवा लागली की गंजासारखा रंग धरतं. मग नमुन्यात आम्ल घातलं, लोह दाखवणाऱ्या थायोसायनेटचे चार थेंब टाकले... परीक्षानळी लालभडक. तो नळीकडे बघत होता आणि मी – भर कामाच्या वेळेत – त्याच्या पापण्यांकडे.

पाणी उंचावरून खडी-वाळूवर पाडा, लोह तिथंच अडकेल, असं सांगून मी त्याला पुढच्या बुधवारी नमुना आणायला लावलं.

तो आला. त्याच्या पुढच्या बुधवारीही आला. कधी खवा आणायचा, कधी हरभऱ्याचे ढाळे... आणि दर वेळी लोह आधीपेक्षा जास्त. पाचव्या बुधवारी नळी इतकी गडद झाली, की मी घाबरले. अख्खी गल्ली हे पाणी पीत होती. बोअर बंद करा, असं पत्र लिहिणं भागच होतं. पण बोअर बंद म्हणजे नमुने बंद, आणि नमुने बंद म्हणजे वैजनाथ बंद. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या ओळीवर मी दहा मिनिटं अडून बसले. शेवटी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

त्याचा चेहरा उतरला.

“बोअर बंद करू नका, मॅडम. लोकं काय पितील? पानी तर कधीचंच नीट झालंय.”

“मग हे काय आहे?”

“गंजके खिळे टाकून आणत व्हतो.” तो नळीकडेच बघत राहिला. “पानी चांगलं हाय म्हणलं, तर तुम्ही परत कशाला बोलवाल...?”

मला राग यायला हवा होता. आलाही – अर्धा मिनिट. मग इतका आनंद झाला, की तो लपवायला पेनही सापडेना. उद्या आमचा माणूस थेट बोअरवरून नमुना घेईल, असं दटावून मी पत्र बाजूला ठेवलं.

“आणि पुढच्या बुधवारी बाटली आणायची नाही.”

“न्हाई आणत.” मान खाली.

“रविवारी कंधारला या. माझ्या आई-बाबांकडे. तुमच्या आईला घेऊन.”

त्यानं हळूच मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता.

“आय तर एका पायावर तयार हाय, मॅडम. दर मंगळवारी खिळे तीच भिजू घालती.”