तीन पांढरे डबे

मापारीणबाईंनी दाराची कडी काढली तोच बाहेरची मुलगी बोलायला लागली.

"बाई, आज संध्याकाळी फौजदार कंपाउंडरकाकांना धरून नेणार. पण माझ्या बाबांना त्यांनी मारलेलं नाही."

सोमवार होता, सकाळचे सात वाजले होते. बाईंनी तिला आत घेतलं, चहाचं आधण ठेवलं आणि धाकट्या दिराला हाक मारली. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत. बाईंनी सत्तावीस वर्षं बाजारातली वजनं-मापं तपासली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे दुसऱ्या तऱ्हेची खोटी मापं घेऊन येऊ लागले. भाऊजी सोबत असत, छत्री धरायला आणि चुकीचा अंदाज करायला.

मुलगी घड्याळजीची होती. आई नसलेली. तिच्या मुठीत पितळेची एक पट्टी होती, दोन्ही टोकांना वळवलेले दात.

"हे काय?"

"खेकड्याचं माप. बाबांनी स्वतः कानशीने घासून केलंय. पाठ या दातांमध्ये अडकली तर ठेवायचा, सुटली तर परत पाण्यात. अंड्यांवरची मादी तर कितीही मोठी असो, सोडायचीच. बाबा आणि कंपाउंडरकाका वीस वर्षं दर शनिवारी होडी घेऊन जायचे. विकायला नाही, हौस म्हणून."

"आणि भांडण?"

मुलगी ओशाळली. "शुक्रवारी जेट्टीवर. काकांच्या पिशवीत एक छोटा खेकडा निघाला. बाबा म्हणाले, उद्या मी एकटाच जाईन."

"एका खेकड्यावरून?" भाऊजी म्हणाले.

"इतक्या जुन्या दोस्तीला भांडायला खेकडासुद्धा पुरतो, भाऊजी. पुढे सांग गं."

शनिवारी घड्याळजी अंधारातच निघून गेला. दुपारी दोनला त्याचं प्रेत खाडीत सापडलं. डोक्यावर वल्ह्याचा घाव होता. त्याच्या धाकट्या भावाने फौजदाराला सांगितलं, एक वाजता मी दादाला पिंजरे ओढताना किनाऱ्यावरून पाहिलं. म्हणजे खून एकनंतर. आणि त्या सुमारास कंपाउंडर जेट्टीवर घुटमळताना दोघांना दिसला होता.

"बाबा गेले. आता काकाही गेले तर मला कोण आहे?" मुलगी म्हणाली.

बाईंनी पट्टी हातात घेऊन दातांवरून अंगठा फिरवला. "मापाचा माणूस होता," त्या म्हणाल्या. "चला."

जेट्टीवर राखणदाराची पत्र्याची खोली होती. बाहेर फळ्यावर खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या. शनिवारची ओळ अजून पुसलेली नव्हती: ओहोटी पावणेसात, भरती एक.

"मी आठला येतो," राखणदार म्हणाला. "त्या दिवशी आलो तेव्हा होडी त्या खडकांपाशी नांगरलेली होती. म्हटलं, घड्याळजी बसलेत गळ घालून, नाहीतर लवंडलेत. साडेबारा ते दोन मी जेवायला गेलो. परत आलो तरी होडी तिथेच, म्हणून मचवा काढला. होडीत कुणी नाही. जवळच ते पाण्यात..." तो मुलीकडे वळला. "माफ कर पोरी."

"पिंजरे?" बाईंनी विचारलं.

"तेच तर नवल. प्रत्येक पिंजऱ्याच्या दोरीला पांढरा डबा असतो, वर तरंगायला. दोन वाजता आम्ही सगळी जागा पालथी घातली, एक डबा दिसेना. म्हटलं, वाहून गेले. आणि पाचला पाणी उतरलं तर तिन्ही डबे रांगेत हजर! जसे काही उगवले."

पिंजरे खोलीच्या कोपऱ्यात होते. "ओढले तसेच ठेवलेत," तो म्हणाला. बाई गुडघ्यावर बसल्या. प्रत्येक डब्याभोवती दोरी गुंडाळून गाठ मारलेली होती. फक्त एक पदर सुटा. बाईंनी तो दोन्ही हात पसरून मोजला.

"सुटी दोरी एक वाव. गुंडाळलेली तीन वाव तरी असेल. खडकांपाशी पाणी किती?"

"ओहोटीला छातीभर. भरतीला दोन पुरुष, म्हणजे दोन वाव."

"नीटनेटका माणूस," भाऊजी कौतुकाने म्हणाले. "जादा दोरी कशी छान बांधून ठेवलीये."

"फारच नीटनेटका," बाई म्हणाल्या. मग राखणदाराकडे वळल्या. "आज ओहोटी साडेआठला ना? यातला एक पिंजरा त्याच जागी टाकून या. गाठीला हात लावू नका."

भाऊजी खडकांकडे बघत होते. "होडी कशाला? ओहोटीला तर चालतच जाता येईल की."

"येईल ना," राखणदार म्हणाला. "पण चपला घालून जा, साहेब. त्या खडकांवर कालवं चिकटलेली आहेत, धारदार शिंपल्यांची. तळवे चिरतात."

कंपाउंडर घरी कॉटवर बसून होता. दाढी वाढलेली, चहा निवलेला. मुलीला पाहून त्याने तोंड फिरवलं.

"साडेबाराला गेलो होतो मी, माफी मागायला," तो म्हणाला. "लांब होडी दिसली. माणूस दिसेना, डबे दिसेनात. मला वाटलं, मला बघून मुद्दाम खाली वाकलाय. हट्टी होता ना! दोन हाका मारल्या. उत्तर नाही. म्हटलं, मर तिकडे." त्याने चहाचा कप दूर सारला. "असंच म्हटलं हो मी. मर तिकडे."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "त्या दिवशी सकाळी कुणी भेटलं?"

"घड्याळजीचाच धाकटा भाऊ. दुकान शेजारीच आहे त्याचं, रंगाचं. दहाला पायाला पट्टी बांधून घ्यायला आला. म्हणाला, बरणी फुटली, काच लागली. तळव्यावर बारीक बारीक चिरा होत्या. मी चिमटा घेऊन शोधलं, काच एक नाही. नुसता पांढरा चुरा निघाला. आणि त्याच दुपारी तो माझं नाव घेतो!"

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हा फार रडतो. मला हाच वाटतो."

"तुम्हाला कांदा चिरणारासुद्धा गुन्हेगार वाटेल."

धाकटा भाऊ दुकानात गल्ल्याशी होता. एक पाय सपातेत, एक पट्टीत. त्याने स्टूल पुढे केलं, पंखा लावला.

"विचारा ना, बाई. नऊ ते एक मी इथेच. दहा गिऱ्हाइकं सांगतील. मग दादाला जेवायला बोलवायला गेलो."

"दादांबरोबर कधी होडीत जायचा?"

"छे! मला त्या वासानेच कसंतरी होतं."

"मग इतक्या लांबून ते दादाच आहेत हे कसं ओळखलंत?"

"असं काय करता? तीन पांढरे डबे पाण्यावर डुलत होते, एका रांगेत. तिसऱ्यापाशी दादा वाकलेला. अजून डोळ्यांपुढे आहे." त्याने डोळे टिपले.

"या धाकट्या काकांना आमचं वडिलोपार्जित घर पाडून इमारत बांधायची होती," परत जाताना मुलगी म्हणाली. "बाबा सही देत नव्हते."

दुपारी अडीचला बाईंनी सगळ्यांना जेट्टीवर बोलावलं. फौजदार आला तो घड्याळ बघतच. कंपाउंडर एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. खाडी काठोकाठ भरली होती.

"तुम्ही शनिवारी इथूनच पाहिलंत ना?" बाईंनी धाकट्याला विचारलं. "राखणदाराने सकाळी त्याच जागी, त्याच दोरीचा पिंजरा टाकलाय. डबा दाखवा बघू."

धाकट्याने डोळ्यांवर हात धरला. पाणी सपाट होतं.

"गेला असेल वाहून."

"संध्याकाळी सातला या, पाणी उतरल्यावर वर आलेला दिसेल. तो आत्ता पाण्याखाली उभा आहे, कारण दोरी आखूड पडते. शनिवारी अशीच भरती एकला होती. त्या वेळी राखणदाराला डबे दिसले नाहीत, कंपाउंडरना दिसले नाहीत. तुम्हाला एकट्याला दिसले."

"मग... दादाने आखूड बांधली असेल."

"वीस वर्षं पिंजरे टाकणारा माणूस गुंडाळी आधी पूर्ण सोडतो. पाणी वाढणार हे त्याला ठाऊक असतं. कंपाउंडर आणि राखणदारही तेच करतील. समोर छातीभर पाणी बघून तेवढीच दोरी सोडणारा माणूस या छंदातला नव्हे. आणि छातीभर पाणी शनिवारी कधी होतं? पावणेसातला. ते डबे डुलताना तुम्ही पाहिलेत हे खरंय. फक्त एक वाजता नाही पाहिलेत."

भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे घड्याळजी तेव्हाच..."

"तेव्हाच. हे पहाटे सोबत गेले, सहीसाठी. ती मिळाली नाही. मग वल्हं उचललं. दादा मासेमारी करता करता गेला असं वाटावं म्हणून पिंजरे टाकले, आणि खडकांवरून अनवाणी चालत येऊन नऊला दुकान उघडलं. दादा एकपर्यंत जिवंत ठरला की हे सुटले आणि कंपाउंडर अडकले. फौजदारसाहेब, ती पट्टी सोडून बघा. काचेने एक जखम होते. कालवांनी शंभर होतात, आणि आत शिंपल्यांचा पांढरा चुरा राहतो."

धाकटा पळाला नाही. पायाने ते जमलंही नसतं. तो पाण्याकडेच बघत होता.

"एक सही मागितली होती," तो म्हणाला. "एकच."

कंपाउंडर पुढे आला, त्याच्यासमोर उभा राहिला. हात उचलला, आणि तसाच खाली सोडला.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे मुलीने कंपाउंडरकाकांचं दार वाजवलं. ते नको म्हणाले. तिने पितळेची पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. मग ते उठले.

खडकांपासून दूर त्यांनी नांगर टाकला. मुलीने पिंजऱ्यात माशाची डोकी बांधली, पिंजरा हळूच पाण्यात सोडला आणि दोरी एक वाव गेल्यावर थांबली.

"टेकला, काका."

"टेकू दे. सगळी सोड," कंपाउंडर म्हणाले. "पाणी वाढायचंय अजून."