सीट धरणारा माणूस

"हे साफ खोटं आहे!"

मनी शिडीवर होती. एका हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. अशा वेळी पाठीमागून कुणी खेकसलं तर माणूस खिळा गिळायचाच! तिने दचकून वळून पाहिलं. एक ताडमाड तरुण, खांद्यावर सायकल घेऊन, नखशिखान्त भिजलेला... बाहेर अचानक सर कोसळली होती आणि आडोसा म्हणून स्वारी या हॉलमध्ये घुसली होती. सायकलच्या चाकावरून पाणी टपटप गळत होतं, तेही तिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

"काय खोटं आहे?" खिळे हातात घेत तिने विचारलं. "आणि आधी ती सायकल बाहेर ठेवा."

"तिला सर्दी होते. हवं तर मी बाहेर थांबतो," तो म्हणाला आणि जागचा हललासुद्धा नाही.

मनी फलक रंगवायची. दुकानांचे, दवाखान्यांचे, मिळतील ते. या वेळी सायकल संघटनेने तिला राष्ट्रीय टाइम ट्रायल अजिंक्यपद स्पर्धेचा सगळा इतिहास भिंतीवर मांडायला सांगितलं होतं. शर्यत मोठी एकलकोंडी. एकेकट्याने सुटायचं, पुढे कुणी नाही, शेजारी कुणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. पहिल्या फलकावर रस्त्यावर खडूची रेघ आणि ऑफिसचे बूट घालून आलेले चार-पाच हौशी लोक होते. पुढे बायकांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी तिघीच उतरल्या, त्यामुळे तिसरीला वाटेत पंक्चर होऊनही पदक मिळालं. मग आला लाकडी उतार. त्यावर स्वाराने पाय पेडलमध्ये अडकवून बसायचं, तोल जाऊ नये म्हणून एका माणसाने मागून सीट धरायची, आणि आकडे मोजून संपले की सोडायची. ढकलायचं नाही, अडवायचं नाही, नुसतं सोडायचं.

त्या भिजलेल्या माणसाचं ओलं बोट नेमकं त्याच वर्षाच्या फलकावर होतं.

"'एका सेकंदाने अजिंक्यपद हुकलं,' म्हणे! हुकलं नाही, हुकवलं. हे दुसरे आलेत ना, ते माझे वडील. धरणाऱ्याने सीट वेळेवर सोडलीच नाही. रोज जेवताना ऐकतो मी!"

मनीने हातोडी शिडीच्या पायरीवर ठेवली. कारण तो धरणारा माणूस म्हणजे तिचे बाबा.

लाकडी उतार बाबांनीच बनवला होता. 'सुताराचा हात पक्का, तुम्हीच धरा,' अशी संघटनेने गळ घातली म्हणून ते उभे राहिले, आणि त्या दिवसापासून 'हाताला सरस लागला होता का हो?' हे ऐकत जगले. पुन्हा कधी शर्यतीला गेले नाहीत. शर्यतीच्या दिवशी सकाळपासून करवत चालू ठेवायचे, म्हणजे रस्त्यावरच्या टाळ्या ऐकू यायला नकोत. ते एक वर्ष नीट लिहून बाबांच्या कपाळावरचा डाग पुसायचा, यासाठीच तर मनीने हे काम घेतलं होतं. पुरावा मात्र कुठेच सापडत नव्हता.

"बघते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो फलक बदलला का ते बघायला आला. तिसऱ्या दिवशीही आला.

"आज तर लख्ख ऊन आहे," मनी रंग ढवळत म्हणाली.

"हो ना. पावसाने ऐनवेळी दगा दिला. आता निमित्त काय सांगू?"

"खरं सांगा की."

"खरं सांगितलं तर तुम्ही शिडीवरून पडाल."

सायकलवर पाठ वाकवून बसायचा म्हणून मित्र त्याला उंटराव म्हणत. या वर्षी तोही शर्यतीत उतरणार होता. तो शिडी धरू लागला, रंगाचे डबे उघडून देऊ लागला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिच्या गालावरचा निळा ठिपका त्याने एकदा बोटाने दाखवला... पुसायला हात पुढे केला... आणि तसाच मागे घेतला. मनीला दिवसभर तो गाल वेगळाच वाटत राहिला. आवडला होता तिला तो, अगदी मनापासून. सांगावं तर हा निघून जाणार, न सांगावं तर बाबांशी बेइमानी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

प्रदर्शनासाठी बाबांचा जुना लाकडी उतारही हॉलमध्ये आणून ठेवला होता. एका दुपारी उंटराव सायकल घेऊन त्यावर चढला.

"ये, धर मागून. शर्यत कशी सुटते ते तरी कळू दे तुला."

मनीने सीट धरली. त्याची पाठ तिच्या अगदी समोर, मानेवर घामाचा एक थेंब. दोघांचेही श्वास उगाचच मोठे झाले होते.

"पाच... चार... तीन... दोन... एक!"

तिने हात सोडले. सायकल जागची हलली नाही. क्षणभर डुगडुगली आणि उंटरावासकट आडवी झाली.

"तू सोडलंच नाहीस!" तो जमिनीवरूनच ओरडला.

"हे बघ माझे हात! कधीच सोडले होते!"

"मग पुढे का नाही गेलो मी? तूच धरून—"

"अगदी वडिलांसारखा आहेस!" मनीचा बांध फुटला. "आधी स्वतःचा हात बघ!"

त्याने पाहिलं. ब्रेकवर बोटं अशी आवळलेली की पांढरी पडली होती. तो हळूहळू लालबुंद झाला.

"तू मागे होतीस ना... तुझा श्वास लागत होता मानेला. लक्षच नव्हतं माझं." मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे... वडिलांनीही...?"

"मला काय ठाऊक? पण त्यांना धरणारा माणूस म्हणजे माझे बाबा. हा उतार त्यांनीच केलाय. आणि आमच्या घरात तुझ्या वडिलांचं नावसुद्धा कुणी काढत नाही."

तो उठला. सायकल उचलली आणि गेला. संपलं, मनीला वाटलं. त्या फलकावरची ओळ तिने पांढऱ्या रंगाने पुसली, पण तिथे काय लिहावं ते सुचेना.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बाबांच्या कारखान्याच्या दारात उंटराव उभा राहिला. सोबत त्याचे बेकरीवाले वडील, हातावर अजून पीठ.

"सुतारबुवा," ते खाली बघत म्हणाले, "तेव्हा माझं बोट ब्रेकवर होतं की नव्हतं, आठवत नाही. पोराने विचारलं तेव्हा कळलं की मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तुमच्या हाताबद्दल मात्र छातीठोक बोलत आलो. चुकलं माझं. उद्या याला तुम्हीच धरा."

बाबा फळीवर हात फिरवत राहिले. "आता हात थरथरतात माझे."

"माझे आत्ता पायही थरथरतायत. तरी आलो ना?"

बाबा हसले. मनीने त्यांना असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होती. उतारावर उंटराव चढला, मागे बाबांनी सीट धरली. मनी कठड्याला टेकून उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही... आणि मग, मान न वळवता, चांगला खणखणीत म्हणाला,

"काका, बोट ब्रेकवर नाहीये. आणि... तुमची मनी मला आवडते. आत्ताच सांगतोय, कारण आत्ता तुमचे हात अडकलेत. मारता येणार नाही."

मनीचे कान तापले. पंचाने आकडे मोजायला सुरुवात केली होती. तिची नजर बाबांच्या हातांवर खिळली. मेल्याने हीच वेळ निवडली! बाबा दचकले आणि एक क्षण जास्त धरून राहिले तर? पुन्हा तेच, पुन्हा सगळ्या गावासमोर...

"...दोन, एक, सुट!"

बाबांचे दोन्ही पंजे उघडले. सायकल उतारावरून सणाणत खाली गेली, वळणाशी दिसेनाशी झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बाबा तसेच, तळवे उघडे ठेवून, तो ऐकत उभे राहिले.

मग ते पायऱ्या उतरून मनीजवळ आले. डोळे ओले होते.

"मी तर सोडलं बाई, अगदी वेळेवर," ते म्हणाले. "आता तू धरतेस की नाही ते सांग."

"धरते, बाबा," मनी म्हणाली, आणि वळणाकडे पळत सुटली.