शुक्रवारची सहाची वेळ

लिफ्टचं दार उघडलं, तर आत एक माणूस आंघोळीच्या झग्यात उभा! लालबुंद चेहरा, निथळणारे केस, हातात बर्चच्या ओल्या डहाळ्यांची जुडी... आणि लिफ्टभर त्या पानांचा वास. बाहेर नोव्हेंबर चालू आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.

मी ओली छत्री घेऊन मागे सरकले.

“या ना,” तो म्हणाला. “तळघरातल्या सॉनातून येतोय, वाफेनं न्हाऊन. इतका स्वच्छ मी आठवड्यातून एकदाच असतो, संधी दवडू नका.”

मी हसू दाबलं, पण ते नीट दाबलं गेलं नाही.

“कुणाकडे निघालात?”

“रेइनोंकडे, तिसऱ्या मजल्यावर. मी निवारा संस्थेतून येते. साइमी.”

“मी योउनी. चौथा मजला, ट्राम चालवतो. पण तिसऱ्यावर कुणी राहतं...? मला तर ते घर रिकामंच वाटायचं.”

हेच तर दुखणं होतं. आमची संस्था तांपेरे शहरातल्या साध्यासुध्या इमारतींमधली घरं विकत घेते आणि ज्याला घर नाही त्याच्या हातात सरळ किल्ली ठेवते. आधी दारू सोडा, आधी नोकरी शोधा, असं काही नाही. आधी घर, मग बाकीचं. रेइनो कित्येक हिवाळे बसस्थानकात झोपले होते. किल्ली मीच त्यांच्या हातात ठेवली होती. पण थोड्याच दिवसांत ते पुन्हा बसस्थानकाच्या बाकावर दिसू लागले.

आमच्या संचालिका मार्केट्टा काही कठोर नाहीत. पण रांगेत इतरही होते. “महिनाअखेरपर्यंत ते तिथं राहायला लागले नाहीत, साइमी, तर घर पुढच्या माणसाला द्यावं लागेल.” आणि त्यापुढे होता डिसेंबर...

मी रोज सकाळच्या प्रार्थनेत रेइनोंचं नाव घ्यायचे आणि संध्याकाळी त्यांची बेल वाजवायचे. दार उघडायचं नाही. जिन्यात मात्र योउनी हटकून भेटायचा.

“आज पुन्हा कचरा टाकायला?”

“माझ्याकडे फार कचरा होतो,” तो गंभीरपणे म्हणाला, “तू येतेस त्या दिवशी.”

त्याच्या हातातली पिशवी चक्क रिकामी होती! मी जिन्याच्या पायरीवर बसले. तोही बसला — मध्ये पिशवी ठेवून, सभ्यपणे.

“काय म्हणतात रेइनो?”

“बसस्थानकात गाठलं की म्हणतात, घर छान आहे, पण मी तिथं पाहुणा आहे. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?”

योउनी विचारात पडला. “त्यांची सॉनाची वेळ कधीची आहे?”

“ती... आम्ही घेतलीच नाही. कुठल्याच इमारतीत घेत नाही. शेजाऱ्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “घर दिलंत आणि सॉना नाही दिला? अगं, खाली सॉनाच्या दारावर प्रत्येक घराच्या वेळेची यादी लावलेली असते. त्यात तुमचं घरच नाही. म्हणून तर मला ते रिकामं वाटलं!”

मी ओशाळले. दर शनिवारी आईला चिकटून सॉनाच्या फळीवर बसत मी वाढले, आणि हे मला सुचू नये!

“मग आता एखादी वेळ...?”

“सगळ्या गेल्यात. लोक मरेपर्यंत सोडत नाहीत. माझीसुद्धा बाबांकडून आलेली, शुक्रवार संध्याकाळ, सहाची. सगळ्यात...” तो मध्येच थांबला. उठला. रिकामी पिशवी खिशात कोंबली. “रेइनोंना सांग. शुक्रवारी, सहा.”

शुक्रवारी रेइनो आले. टॉवेल छातीशी धरून तळघरात दारावरची यादी वाचून थबकले.

“चुकून लागलं असेल माझं नाव.”

“चुकून कसं? मी लावलंय,” योउनी म्हणाला. “आज फक्त सोबतीला येतो. चला, दगड तापलेत, पाणी ओतलं की वाफच वाफ.”

मी अंगणातल्या बाकावर बसून राहिले. बर्फ पडू लागला होता. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि दोघं टॉवेल गुंडाळून अंग निववायला गार हवेत आले. रेइनोंच्या खांद्यांवरून वाफ उठत होती... सरळ वर, पडणाऱ्या बर्फाला भेटायला. इतकी वर्षं ज्या देहाकडे बघणं टाळून लोक पुढे जात होते, तो त्या अंधारात धुपासारखा दरवळत उभा होता. माझे हात आपोआप जुळले. शब्द एकही आठवला नाही.

पहिल्या मजल्यावरच्या हिल्का टॉवेल-बादली घेऊन आल्या. “कशी होती वाफ?”

रेइनोंनी विचार केला. “मऊ होती.”

“तुमच्यानंतर माझी वेळ असते. हा योउनी पाणी ओतून ओतून दगड थंड करून ठेवायचा. तुम्ही तसं केलंत तर याद राखा!”

“नाही करणार,” रेइनो म्हणाले. आणि हसले. शेजारणीनं शेजाऱ्यावर ओरडावं, तशा त्या ओरडल्या होत्या! मग ते कपडे करून वर गेले. तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला... आणि खिडकीत बर्फाकडे बघत ते उभे राहिले.

सोमवारी संस्थेच्या बैठकीत मी सॉनाचं सगळं सांगितलं. एरवी मी बोलत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे वळले. मार्केट्टांनी चष्मा काढून डोळे पुसले. “आपणच त्यांना लपवून ठेवलं होतं, नाही का?” आता कुठंही घर घेतलं की आम्ही किल्लीबरोबर सॉनाची वेळही मागतो, आणि राहायला येणाऱ्याला घेऊन शेजाऱ्यांची दारं वाजवतो. अवघडतात थोडे. मग कॉफी ठेवतात.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळची प्रार्थना आटोपून मी चर्चबाहेर आले. पायऱ्यांशी योउनी, खांद्यांवर बर्फ.

“सहाला काय करायचं तेच कळेना,” तो म्हणाला.

“पस्तावलास?”

“छे! वेळ मी रेइनोंसाठीच सोडली, खरंच. पण... तू त्या पायरीवर अशी बसली होतीस ना, की मी माझं घरसुद्धा देऊन टाकलं असतं.”

“आणि राहिला कुठं असतास?”

त्याचे कान लाल झाले. “तुझ्या... संस्थेच्या रांगेत उभा राहिलो असतो.”

“रांग मोठी आहे.”

“थांबेन.”

“थंडी फार आहे, योउनी.”

“असू दे.”

मी हातमोजा काढला आणि त्याचा गारठलेला हात हातात घेतला.

“थांबू नकोस,” मी म्हणाले.