आरशातली भाऊबीज

"मॅडम, मुलीच्या अंगात मुलगा राहू शकतो का?"

शाळेच्या मैदानात उभ्या असलेल्या प्रयोगशाळेच्या बसमधल्या सगळ्या मुलींच्या माना वळल्या. मग मागून चारू फिस्सकन हसली. पैज तिचीच होती. "सगळ्यांसमोर विचारून दाखव, मग मानलं तुला!" आणि नुकतीच वक्तृत्वात पहिली आलेली शर्वाणी देवरुखकर हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. फक्त विचारताना तिने उजव्या कानाची पाळी घट्ट धरली होती. ती जुनी सवय.

बसबरोबर आलेल्या डॉ. फरीदा मुजावर हसल्या नाहीत. "राहतो की! आणि भाडंसुद्धा देत नाही."

पाहुण्या पेशी हा शब्द तोवर सगळ्यांच्या तोंडी झाला होता. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी नाळेतून आईच्या रक्तात जातात आणि बाळ जन्मलं तरी तिथेच मुक्काम ठोकतात. पुढे त्याच आईच्या पोटी दुसरं मूल वाढू लागलं, की त्यातल्या एखाद-दोन त्याच्यात उतरतात. म्हणजे धाकट्याच्या अंगात थोरल्याचा कण. हे ज्ञान तसं जुनंच. नवीन होती ती ही बस. बोटावरचा रक्ताचा एक थेंब, आणि पाच मिनिटांत पडद्यावर सगळा कारभार उघडा! आपल्या पेशी हिरव्या, पाहुण्या केशरी. पाहुणा मुलगा असेल, तर केशरीच्या आत एक निळा ठिपका.

चारूच्या पडद्यावर हिरवंगार रान होतं आणि कोपऱ्यात एकच केशरी पेशी, बिनठिपक्याची.

"ही नक्की आमची ताई," चारू ओरडली. "इथेपण जागा अडवून बसली, बघा!"

मग शर्वाणीचा थेंब लागला. एक केशरी, शेजारी दुसरी, तिकडे चार. पडदा सरकत गेला तशा वाढतच गेल्या, आणि प्रत्येकीत निळा ठिपका.

"थोरला भाऊ काय करतो तुझा?" डॉ. मुजावरांनी सहज विचारलं.

"मला भाऊ नाही. मी एकटीच आहे."

आता चारूसुद्धा हसली नाही. डॉक्टरांनी बाकीच्या मुलींना खाली पाठवलं. चारू दारातच रेंगाळली.

"हे बघ बाळ, जन्माला न आलेल्या बाळाच्याही पेशी आईत राहतात. त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवायचं नाही."

"मग तुम्ही एवढ्या गंभीर का झालात?"

"कारण लाखात एक असते अशी पेशी. तुझ्या एका थेंबात मी मोजायची थांबले." त्या क्षणभर घुटमळल्या. "यांना कुणीतरी खाऊ घालतंय. पोसणी नावाचं औषध असतं. पाहुण्या पेशी कधीकधी दुखावलेलं हृदय सांधतात, म्हणून त्यांची संख्या वाढवायला ते देतात. ज्याच्या पेशी, त्याचीच नाळ जपून ठेवलेली असेल तर त्यावरून बनवतात. कारल्यासारखं कडू लागतं. तुला कधी हृदयाचा त्रास?"

"नाही." शर्वाणीच्या जिभेवर मात्र रविवारचा चमचा आला. अंघोळ झाली की आई स्वतः भरवायची, हाडांसाठी म्हणून. बाटलीवर चिठ्ठी कधीच नसायची. "मॅडम, या पेशी जातात कुठे?"

"कुठेही. काळजात, यकृतात. मेंदूतही सापडल्यात."

"म्हणजे मी जो विचार करते तो..."

"मूठभर पेशी विचार करत नाहीत गं." डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "पण इतक्या मी कुणात पाहिल्याही नाहीत."

बाहेर आल्यावर शर्वाणी म्हणाली, "तरी भाऊबीजेला आई मला आरशाला का ओवाळायला लावते, तेच कळत नव्हतं."

"आरशाला?" चारू थांबलीच. "अगं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात! आरशाला कोण ओवाळतं?"

"आमच्याकडे तशीच रीत आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"आईने."

त्या दिवसापासून घरातली प्रत्येक गोष्ट तिला वाकडी दिसू लागली. आई जेवताना तिच्याकडे टक लावून बघायची, ते कशासाठी? नखं खाल्ली की धपाटा बसायचा, पण कान ओढला की आईचा चेहरा खुलायचा. का? आणि केस विंचरताना आई जे "माझं बाळ ते" म्हणायची, ते नेमकं कुणाला?

रविवारी चमचा समोर आला, तेव्हा तिने तोंड उघडलं ते बोलायला.

"त्याचं नाव काय होतं?"

आईने चमचा मागे घेतला. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"निनाद," बाबाच म्हणाले. "तापात गेला. तीन वर्षांचा होता. तू तेव्हा नव्हतीस. शरू, मी हिला कितीदा म्हटलं, पोरीला सांगू या..."

"सांगून काय झालं असतं? हेच ना!" आई म्हणाली. "नाळ ठेवली होती त्याची. तेवढीच उरली होती. डॉक्टर म्हणाले, तुमच्यातून थोडा तो मुलीत उतरलाय. मी त्याला उपाशी ठेवायचं होतं का? तुला काही अपाय झाला? कधी आजारी पडलीस?"

"आई, मला पहिला नंबर मिळाला तेव्हा तू रडलीस. ते माझ्यासाठी रडलीस की त्याच्यासाठी?"

आईने चमच्यातलं औषध न सांडता परत बाटलीत ओतलं. ते शर्वाणीला चमच्यापेक्षा कडू लागलं.

"चमचा बंद केला, तर तो हळूहळू संपेल गं," आई शेवटी पुटपुटली. "एकदा गेलाय. पुन्हा नको ना."

शर्वाणीला रडू येत होतं, पण तिने ते गिळलं. तीन वर्षांच्या त्या पोराची तिला दयाही आली. त्याला तरी कुणी विचारलं होतं?

"ऐका दोघंही. मी ठरवलंय. आजपासून चमचा बंद. तो माझ्यात राहील तेवढा राहू दे, मी त्याला हाकलणार नाही. पण वाढवणारही नाही. आणि परवा भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळणार. गच्चीवर. आरशात मी एकटीच असेन."

बाबांनी मान हलवली. आई मात्र तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती शर्वाणीच्या उजव्या हाताकडे, चिमटीत घट्ट धरलेल्या कानाच्या पाळीकडे. रडता रडता आई हसली.

"हट्टाला पेटला की तोही अस्साच कान धरून बोलायचा."

शर्वाणीने झटकन कान सोडला. हात कुठे ठेवावा तेच तिला कळेना. शेवटी तिने तो पाठीमागे लपवला.

"मी ठरवलंय, आई," ती म्हणाली. "मी."