गुरुवारची पिशवी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं काहीच नाही. कस्तुरी माझी मावसबहीण आहे आणि ती थापा मारत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. जपान. टोकियोजवळच्या ग्योतोकूमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

तिचा नवरा स्वानंद बँकेच्या नोकरीसाठी आधी एकटाच गेला होता. दहा महिन्यांनी ही गेली. त्या दहा महिन्यांचा किडा तिच्या डोक्यात वळवळत होताच. लहानपणी माझ्या नव्या फ्रॉकवरून दोन दिवस अबोला धरणारी ती.

तिकडे कचऱ्याला वार असतात. गुरुवारी प्लास्टिक. पारदर्शक पिशवी, सकाळी आठच्या आत.

बुधवारी संध्याकाळी कस्तुरीने दुहेरी गाठ मारून पिशवी दाराशी ठेवली. सकाळी उचलली, तर आत...

केसांची लाल क्लिप.

कस्तुरीचे केस तर बॉबकट.

"कोण आहे ती?"

"आधीच्या भाडेकरूची असेल गं," स्वानंद टाय बांधत म्हणाला. "ट्रेन चुकेल माझी."

पुढच्या गुरुवारी कंगवा. त्यात अडकलेला लांब केस.

मग दर बुधवारी, पिशवी बांधताना, भांडण. ती बाई देखणी असणार, सडपातळ असणार, हे कस्तुरीने ठरवूनच टाकलं. तिच्या अंगाची नुसती आग व्हायची. भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी लिपस्टिकची नळी... अर्धी वापरलेली.

ती हातात घेऊन उभी असताना शेजारच्या म्हाताऱ्या मोरिता-सान आल्या. नळी पाहून थबकल्या. फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी बोलल्या. स्क्रीनवर मराठी उमटलं.

"दर बुधवारी तुमचा आवाज येतो. नवऱ्याला काय विचारता?"

कस्तुरी ओशाळली. "हेच, की ती कोण आहे."

मोरिता-साननी फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"या घरातला आधीचा माणूसही मैत्रिणीला बुधवारीच विचारायचा. तो कोण आहे, म्हणून."

त्याच्या तीन मैत्रिणी, एकापाठोपाठ एक. तिघींनाही त्याने निव्वळ संशयावरून मारलं. त्यांच्या वस्तू गुरुवारी, नियमाप्रमाणे, वेगळ्या करून टाकल्या. कचरा इतका नीट टाकतो म्हणून बिल्डिंगमध्ये त्याचं कौतुक व्हायचं. तिसरीनंतर पकडला गेला. तो तुरुंगातच मेला.

संध्याकाळी तिने स्वानंदला विचारलं. त्याचा चेहरा उतरला.

"घर घेताना एजंट काहीतरी वाचून दाखवत होता खरा. मला काय कळतंय? मी आपला हाय, हाय, म्हणजे हो, हो म्हणत मान डोलावली, सही केली."

पुढच्या बुधवारी कस्तुरी जीभ चावून गप्प बसली. एक शब्द बोलली नाही.

मनात मात्र विचारतच राहिली.

सकाळी पिशवी जागेवर होती. गाठही तिचीच. आत...

स्वानंदचा चष्मा.

आणि स्वानंद आत बेसिनजवळ चाचपडत होता.

त्याच दिवशी त्यांनी ते घर सोडलं. आता टोकियोतच, हिगाशी-कसाईला राहतात. खालीवर सगळी आपलीच माणसं. सुटले बिचारे, असं मला वाटत होतं.

काल कस्तुरीचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"विद्या, याच्या ऑफिसात कोणीतरी नवीन आलीय. कोण असेल गं ती?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून स्वानंदचा आवाज आला...

"कस्तुरी, माझा चष्मा पाहिलास का?"

काल बुधवार होता.

सकाळपासून मी स्वानंदला फोन लावतेय. रिंग वाजते. तो उचलत नाही.